घोंगडीवरचा देव

चहा घ्या, तोवर आमच्या छपराची घरपट्टी कशी माफ झाली ते सांगतो.

वडगाव रासाईला आमची दहा-बारा घरं गुरुवारी एका पत्र्याच्या छपरात भजनाला बसतात. पूर्वी मेंढरांमागं फिरायचो, तेव्हा देऊळ कुठलं? वाटेत जो पाहुणा येईल त्याला घोंगडीवर बसवायचं आन् त्याच्याच पाया पडायचं. ती रीत अजून चालते, मूर्ती काही बसवली नाही.

ग्रामसेवक म्हणाले, "मूर्ती न्हाई म्हंजी गोडाऊन. पट्टी भरा, न्हाईतर कुलूप लावतो." आमच्यानं ती भरणं होणार नव्हतं. माफीचा अर्ज केला.

शिरूरहून साहेब पाहणीला आले, सोबत ग्रामसेवक होते. साहेब बुटासकट घोंगडीवर बसले. आम्ही भंडारा लावून एकेक करून पाया पडलो.

"आबा, हे राहू द्या. आधी देव दाखवा."

"बसलाय की घोंगडीवर. आमच्यात आलेला पाहुणा त्या दिवसाचा देव."

साहेब ताडकन उठले. "अहो, मग मी बूट घालून बसलो, कुणी बोललं का नाही?"

"देवाला कोण बोलणार, साहेब?"

साहेब बाहेर गेले, बूट काढून परत येऊन बसले आन् कागदावर लिहिलं. मला वाचता येत नाही, म्हणून ग्रामसेवकांनीच वाचलं, "जागा पूजेचीच आहे, पट्टी माफ करावी."

तेवढ्यात आतून भाकरीचा वास आला. साहेब ग्रामसेवकांना म्हणाले, "कुलूप आणलं असेल तर खिशातच ठेवा. देवाला जेवून बाहेर पडायचंय."