टेंबेपंतांनी घेतलेली फोनची झडती

मंडळी, ऐका. बुक्का लागला, हार गळ्यात पडला, पूर्वरंग संपला. आता जड निरूपण बाजूला ठेवतो आणि तुम्हाला एक साधा प्रश्न विचारतो. आपल्याच माणसाचा संशय आला, तर झडती कुणाची घ्यायची? त्याची — की आपली?

बघा, सगळे गप्प! मघाशी मोक्ष म्हणजे काय विचारलं, तर बायकांतून, पुरुषांतून, खांबाआडून उत्तरं आली. आणि घरातला प्रश्न विचारला की माना खाली! काशिनाथ, तबला जरा राहू दे. हे आख्यान ठेक्यावर सांगण्यासारखं नाही.

आख्यान पुराणातलं नाही, मिरजेचं आहे. तिथं दिगंबरपंत टेंबे नावाचे गृहस्थ राहतात. वजनमापे खात्यात निरीक्षक होते. म्हणजे काय, तर बाजारात न सांगता जायचं, वाण्याचा तराजू उचलायचा, पारडं उलटं करून खाली मेण-बिण लावलंय का बघायचं. माप खरं असेल तर शिक्का मारायचा, शिशाचं सील लावायचं. माणूस सचोटीचा, बरं का! कुणाचा चहासुद्धा प्यायला नाही. पण आयुष्यभर दुसऱ्याच्या तराजूखाली बघण्यात गेलं. मग काय होतं? नोकरी संपली तरी नजर संपत नाही. घरी साखर आली की पंत पुन्हा वजन करणार. दूधवाला माप ओततो, तर हे वाकून तळ बघणार. तो दूधवाला दाराशी आला की आधी रिकामं माप पालथं करून दाखवायचा आणि मगच दूध ओतायचा!

आता या घरात फोन दोन. फोन म्हणू नका, पंथ म्हणा! शैव-वैष्णवांची भांडणं मिटली मिटली म्हणतो तोवर ही नवी आली. पंतांकडे अँड्रॉइड. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई, त्यांच्याकडे आयफोन. बाईंनी विकत घेतलेला नव्हे हो. मुलगी गौतमी बंगळूरला असते, तिनं स्वतःला नवा घेतला आणि जुना आईला दिला.

पंतांना तो फोन पहिल्या दिवसापासून आवडला नाही. त्यांचं म्हणणं असं — माझ्या फोनला कुठलीही वायर चालते, शेजाऱ्याची आणा, रिक्षावाल्याची आणा. तुझ्या फोनला त्याचीच वायर पाहिजे, सोवळ्यातली! माझ्या फोनवर खाली मागे जायचं बटण आहे. चुकलं की दाबावं, मागे यावं. तुझ्यात मागे जायचं तर बोटानं कडेनं ढकलायचं, म्हणजे रस्ता माहीत असेल त्यानंच जावं. माझ्या फोनला मी पाहिजे ते गाणं घंटी म्हणून लावतो. तुझ्या फोनला साधी घंटी बदलायची तर गौतमीला विचारावं लागतं.

बाईंनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या की मला याची अक्षरं स्पष्ट दिसतात, फोटो चांगले येतात आणि आकडे लक्षात ठेवावे लागत नाहीत, तोंड दाखवलं की उघडतो. झालं, त्यांचा पंथ तेवढाच.

(सेक्रेटरीसाहेब, वाजतोय तो तुमचाच ना? घ्या, घ्या. नाही? आता बंद केलात? कोणाचा होता म्हणून नाही विचारत. आम्ही पंत नव्हे!)

तर हे दोन्ही फोन जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी पडलेले असायचे. पंतांच्या फोनवर काही आलं की अख्खा मजकूर पडद्यावर. बडोद्याहून धाकटा भाऊ अच्युत लिहितो, ते पोळी वाढता वाढता कुणालाही वाचता येईल. पंतांना त्याचं काही नव्हतं. एके दिवशी बाईंचा फोन उजळला. बाई आत कणीक मळत होत्या. पंत वाकले. बघतात तर काय — काहीतरी आलंय, एवढंच! कुणाकडून, काय, एक अक्षर नाही. तेवढ्यात बाई पदराला हात पुसत आल्या, फोनकडे नुसतं पाहिलं आणि पंतांच्या डोळ्यांदेखत तिथं अक्षरं उमटली! पंतांनी चष्मा लावेपर्यंत फोन बाईंच्या हातात. बाईंनी वाचलं, आणि हसल्या.

मंडळी, ते हसणं पंतांच्या जिव्हारी लागलं. फोन मला बघून तोंड मिटतो आणि हिला बघून बोलतो! मग असं आहे तरी काय त्यात?

पंत गेले मोबाइलच्या दुकानात. दुकानदारानं नीट समजावून सांगितलं, की काका, त्यात संशयासारखं काही नाही. मालक समोर आला की मजकूर दाखवायचा, एरवी झाकायचा, असा तो फोन येतानाच असतो. तुमच्या फोनवर येतानाच उघडं आहे, पाहिजे तर तुमचंही झाकून देतो. दोन्हीकडं सोय तीच, फक्त सुरुवात उलटी. पंत म्हणाले, मला नको झाकाझाक, माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही! आणि ताठ मानेनं बाहेर पडले. हे वाक्य लक्षात ठेवा बरं का. याचं वजन पुढं करायचंय.

आता गंमत बघा. ज्या माणसानं जन्मभर सांगितलं, की सील असलेलं माप खरं आणि सील तोडलेलं माप खोटं, त्यालाच घरातलं सील खुपायला लागलं! आणि सवय कुठं जाते? पंतांनी खात्यातली रीत काढली. दुकानात खोटं गिऱ्हाईक पाठवतात ना, तसं त्यांनी स्वतःच्याच फोनवरून बायकोला लिहिलं — ‘नमस्कार’. आणि टेबलापाशी जाऊन बसले. बाईंचा फोन उजळला. पंतांचा नमस्कारसुद्धा झाकलेला! आता शहाणा माणूस काय म्हणेल? की बाबा, हा सगळ्यांचंच झाकतो, चला, मिटलं. पंत काय म्हणाले असतील? म्हणाले, ‘म्हणजे ही माझंसुद्धा लपवते!’

हसू नका. संशयाला पुरावा मिळाला तर तो वाढतोच, आणि नाही मिळाला तर जास्तच वाढतो. दोन ओळी सुचल्यात, माझ्याच आहेत, संतांच्या नावावर खपवत नाही —

डोळा उघडता दिसे, डोळा मिटता नसे,
संशयाचे पिसे कोणे लाविले गा!

पुढं तर पंतांनी ताळच सोडला. भिंतीवरचा लग्नातला फोटो काढला, पुसला, फोनसमोर धरला. फोन ढिम्म! त्या फोटोतली मुंडावळ्या बांधलेली पोरगी त्याला काही ओळखीची वाटेना. मग शेजारी सहज विचारल्यासारखं विचारलं, की आमच्या घरी दुपारी कोण येतं-जातं का. आणि शेवटी, मंडळी, पोटच्या मुलीला फोन केला. आडून आडून विचारलं, की तुझी आई हल्ली कुणाशी एवढं बोलत असते?

मुलीला काय कळत नाही? तिनं बापाला काही उत्तर दिलं नाही. आईला मात्र तेव्हाच सांगितलं.

आली ती दुपार. जेवणं झाली. बाई पलंगावर आडव्या झाल्या, डोळा लागला. फोन उशाशी. पंत पावलं न वाजवता आले. वाण्यांच्या गोदामांत बिनदिक्कत शिरलेला माणूस, स्वतःच्या खोलीत चोरासारखा उभा. फोन उचलला आणि झोपलेल्या बायकोच्या चेहऱ्यासमोर धरला. उघडेना. जवळ नेला. उघडेना. आता पंतांना कुठं ठाऊक, की त्या फोनला नुसता चेहरा पुरत नाही, डोळे उघडे लागतात! वरून धरला, तिरका धरला, हाताला रग लागली.

आणि बाईंनी डोळे उघडले.

फोन उघडला! पंतांच्याच हातात!

विचार करा मंडळी. इतके दिवस ज्याच्यासाठी तडफड केली, ते दार समोर सताड उघडं, आणि त्या दारातून बायको आपल्याकडे बघतेय. पंतांना वाटलं, ही आता ओरडेल. निदान रडेल. बाई उठून बसल्या, केस सारखे केले.

“अहो, एवढा वेळ धरून हात दुखला असेल,” त्या म्हणाल्या. “वाचा आता.”

पंतांना फोन ठेवायचा होता. पण बाईंनी पुन्हा सांगितलं, वाचा, मोठ्यानं वाचा. पंत वाचायला लागले. सगळी गौतमीची आणि आईची बोलणी. मुलगी विनवतेय — आई, इकडे येऊन राहा थोडे महिने. आई प्रत्येक वेळी नाही म्हणतेय. बाबांना चहासुद्धा करता येत नाही. बाबांना माझ्याशिवाय जेवण जात नाही. बाबा बोलत नाहीत, पण घाबरतात एकटे. मुलीनं बाबांची थट्टा केलेली, त्यावर आई हसलेली. ते हसणं हे! सगळ्यात खाली, कालच्या तारखेला, आईनं लिहिलेलं होतं — ‘ठीक आहे. तिकीट काढ. एकच काढ.’

“एकच?” पंतांनी विचारलं.

तेव्हा मंदाकिनीबाई म्हणाल्या, “तुमच्यासाठी मिळालं नाही.”

साधं वाक्य आहे ना? पण पंतांनी ते लगेच ओळखलं. कारण ते वाक्य त्यांचंच होतं!

झालं होतं असं. काही वर्षांपूर्वी बडोद्याला अच्युतच्या मुलाचं लग्न होतं. घरचं कार्य, थोरली वहिनी हवी. बाईंनी साडी काढून ठेवली होती. पण बाईंचं माहेर जतकडचं, बोलण्यात कानडी हेल. पंतांना वाटलं, व्याही मोठे लोक, चारचौघांत बरं दिसत नाही. म्हणून हिला आणत नाही असं त्यांनी भावाला कळवलं आणि घरी येऊन सांगितलं, अगं, गाडीला गर्दी फार, तुझ्यासाठी मिळालं नाही तिकीट. बाई बरं म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी लाडू वळायला बसल्या. आणि टेबलावर पंतांचा फोन उजळला — तो उघडा, सरळमार्गी, काही न लपवणारा फोन! त्यावर अच्युतचा निरोप, अक्षर न् अक्षर: ‘बरोबर आहे दादा. वहिनीला नकोच आणू. तिच्या बोलण्याला इथले लोक हसतील.’

बाईंनी वाचलं. हात धुतले. उरलेले लाडू वळले, डब्यात भरले, पंतांच्या बॅगेत घातले. साडी घडी करून आत ठेवली. आणि या सगळ्या वर्षांत एक शब्द काढला नाही.

“मी कधी तुमचा फोन चोरून बघितला नाही हो,” बाई म्हणाल्या. “तो आपणहून दाखवायचा. मी वाचलं आणि तुमच्यापाशीच राहिले. तुम्हाला माझं काही दिसलं नाही, तर तुम्ही मुलीला विचारलंत.”

मंडळी, माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही म्हणणारा तो माणूस! झालं ना वजन? पंतांनी मान वर केली नाही. चुकलो, एवढंच म्हणाले. बाईंनी ते ऐकून घेतलं. पण तिकीट काही बदललं नाही.

जायच्या दिवशी पंत मिरज स्टेशनावर बॅग घेऊन आले. दुसऱ्या हातात दुकानातून आणलेले लाडू. आणि ऐका — न वजन करता आणलेले! बाईंनी पुडी हातात घेतली, त्यांच्याकडे पाहिलं. पंतांनी विचारलं, “मी येऊ का मागून?” बाई म्हणाल्या, कळवते. गाडी हलली.

पंत घरी आले. बरणीशेजारी आता एकच फोन. स्वतःचा चहा स्वतः केला. उतू गेला, पुन्हा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन उजळला. तोच फोन, सगळं उघड दाखवणारा: ‘पोचले. लाडू चांगले आहेत. इथं खालच्या बागेत कानडी बायका जमतात. माझं बोलणं ऐकून म्हणाल्या, किती गोड बोलता तुम्ही.’

बास. दुसऱ्या तिकिटाचा शब्द नाही. पंत अजून वाट बघतायत. त्यांना आता एकच भीती आहे, की ती ‘येऊ नका’ म्हणाली तर ते खरंच असेल, गाडीच्या गर्दीचं निमित्त नसेल.

आता तुमच्याकडे वळतो. कुठला फोन चांगला हे मला विचारू नका. एक झाकून ठेवतो, एक उघडं करतो, पाहिजे तर दोघांचंही उलटं करता येतं. पण आत जे लिहिलंय ते आपणच लिहिलेलं असतं, ते बदलायची सोय कुठल्याही फोनात नाही. मी इथं उंचावर उभा आहे, मला सगळं दिसतं. कीर्तनाला बसताना या मंडपात किती फोन पालथे ठेवलेत! त्यात काय आहे मी विचारत नाही. एवढंच सांगतो, की घरच्या माणसाच्या पाठीमागं जे वाक्य लिहिलंय, ते आज जाऊन त्याच्या तोंडावर सांगा आणि माफी मागा. नाहीतर एक दिवस तेच वाक्य कुणीतरी शांतपणे तुम्हाला परत देईल.

चला, आरतीला उभे राहा. फोन राहू देत तिथंच, जागेवर. कोणी बघत नाही.

बघा — उचललेत ना सगळ्यांनी!