उलट्या पाट्यांबाबत एक दुरुस्ती

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या लाकूडकाम आणि रंगकाम कारागीर मंडळाचे सगळे पदाधिकारी, कामाच्या गर्दीतून वेळ काढून आलेल्या रुग्णालयाच्या अधीक्षक मॅडम, व्यासपीठावर अंग चोरून बसलेल्या आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे माझ्या धाकट्या जाऊबाई, त्यांचे यजमान, म्हणजेच माझे दीर, समोर बसलेले सुतार, पॉलिशवाले, रंगारी, त्यांच्या घरची माणसं, आणि मागे भिंतीला टेकून उभी असलेली मंडळी. फर्निचर करणाऱ्यांच्या कार्यक्रमात खुर्च्या कमी पडाव्यात, याबद्दल मंडळाच्या वतीने मीच दिलगिरी व्यक्त करते.

अध्यक्षांचं भाषण आपण ऐकलंत. फार सुंदर बोलले. धाकटीच्या हातच्या नक्षीचं वर्णन केलं, तिने कापलेल्या स्टेन्सिलची संख्याही सांगितली, जी मलासुद्धा माहीत नव्हती. आणि मग त्यांनी उलट्या पाट्यांचा किस्सा सांगितला. सगळा हॉल हसला. धाकटीही हसली. आपल्या धंद्यात हा किस्सा कुणाला माहीत नाही? नवा माणूस कामाला लागला की पहिल्या आठवड्यात त्याच्या कानावर पडतो. एखाद्याने फळी उलटी धरली तरी लोक म्हणतात, "काय रे, उलटा छाप का?" सव्वीस वर्षं हे नाव तिला चिकटलंय.

अध्यक्ष महाशय, राग मानू नका. तुमच्या किश्श्यात एक दुरुस्ती आहे. त्या पाट्या धाकटीने केल्या नव्हत्या. त्या मी केल्या होत्या.

नाही, तू उठू नकोस. बस खाली. आज माझी पाळी आहे. मोठी जाऊ असण्याचा एवढा तरी फायदा घेऊ दे.

आमच्या कारखान्यात स्टेन्सिलचं काम आधी मामंजी बघायचे, म्हणजे माझे सासरे. जाड पुठ्ठ्याला तेल पाजून, वाळवून त्यात ते नक्षी कापायचे. कपाटाच्या दारावर वेल, मुलांच्या खाटेवर पक्षी, दुकानांच्या पाट्यांवर अक्षरं. मी सून म्हणून आले आणि दोनच वर्षांत त्यांनी ब्रश माझ्या हातात दिला. "सूनबाई, रंग कमी घ्या. वाटतो त्याच्याही निम्मा घ्या." ते कडक होते, पण शिकवताना त्यांचा आवाज कधी चढला नाही. ब्रश बुडवायचा, फडक्यावर जवळजवळ कोरडा करायचा, आणि लाकडावर सरळ खालीवर ठोकत जायचं. फरफटवला की रंग पुठ्ठ्याखाली शिरला आणि कड फुटली म्हणून समजा. माझी कड कधी फुटली नाही. हे मी गर्वाने सांगतेय, कारण गर्वाने सांगण्यासारखं माझ्याकडे तेव्हा तेवढंच होतं.

कारण मला वाचता येत नव्हतं.

लग्न ठरताना काकांनी सांगितलं होतं, मुलगी चौथी झालीय. मी शाळेत बसले ती मोजून पाच महिने. नंतर भावंडं सांभाळली. सासरी कुणी कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आपल्या धंद्यात लपवणं सोपं असतं. कुणी कागद पुढे केला की म्हणायचं, "हात रंगाने भरलेत हो, तुम्हीच वाचा." अकरा वर्षं माझे हात रंगाने भरलेलेच होते.

मग पाट्या कशा करत होते, असं कुणाच्या मनात येईल. मामंजींच्या जुन्या पुठ्ठ्यांवर वरच्या बाजूला रंगाचे थर बसलेले असायचे. खरबरीत बाजू वर ठेवायची. अक्षरांची रेघ वरच्या अंगाला आणायची. झालं. दुकानदार एकदम खूश. अक्षर म्हणजे माझ्यासाठी एक वेलच होता, जरा विचित्र वळणाचा.

मामंजी गेले, आणि वर्षभराने धाकटी लग्न होऊन आली. तिचे वडील पुस्तकं बांधायचे, त्यामुळे कागद आणि कटर यांच्यातच ती वाढलेली. आल्याबरोबर तिने पुठ्ठे बाजूला सारले आणि प्लास्टिकच्या पारदर्शक कागदावर स्टेन्सिल कापायला सुरुवात केली. म्हणे, आरपार दिसतं, लाकडावर नेमकी जागा धरता येते, पुसून पुन्हा वापरता येतं. सगळं खरं होतं. म्हणूनच मला राग आला. मी सासूबाईंना म्हटलं, "ही मुलगी मामंजींचं काम मोडीत काढणार." आठ महिने मी तिच्याशी कामापुरतं बोलले. जावाजावांचं कसं असतं, समोरच्या निम्म्या हॉलला सांगायची गरज नाही. बाकीच्या निम्म्यांनी बायकोला विचारावं.

आणि मग रुग्णालयाची ऑर्डर आली. अधीक्षक मॅडम, तुम्ही तेव्हा तिथे नव्हता, सुटलात. कपाटं, बाकं, टेबलं, आणि 'शांतता राखा' अशा चोवीस लाकडी पाट्या. पुरुष मंडळी कपाटं बसवायला गेली होती. धाकटी सकाळी स्टेन्सिल कापून माझ्या टेबलावर ठेवून दाताच्या डॉक्टरकडे गेली. मी एकटी.

ती स्टेन्सिल मी हातात घेतली. दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, काचेसारखी. कुठली बाजू वर? रेघ वर आणली. मग पालथी करून पाहिलं, तरी रेघ वरच! खाली जाऊन सासूबाईंना विचारता आलं असतं, शेजारच्या टेलरला विचारता आलं असतं. पण विचारायचं काय? "यात सरळ कुठलं आणि उलटं कुठलं?" असं विचारलं की सगळंच उघडं पडलं. मी मनाशी एक बाजू ठरवली, चिकटपट्टी लावली आणि कामाला लागले. दुपारपर्यंत चोवीस पाट्या. इतक्या स्वच्छ की एका अक्षराची कड फुटली नव्हती. मी त्या भिंतीला ओळीने लावल्या, आणि खरं सांगते, मला त्या फार देखण्या वाटल्या.

धाकटी आली. एका गालात कापूस. दारातच थांबली. पाट्यांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघत राहिली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "इथे काय लिहिलंय?"

"शांतता राखा. दुसरं काय?"

"कुठल्या बाजूने वाचलंत?"

मी फडक्याला हात पुसायला लागले. तिला कळलं. घरात कुणाला न कळलेली गोष्ट त्या मुलीला दारात उभ्या उभ्या कळली. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आमचे हे आणि भावजी आले, बरोबर रुग्णालयाचा कारकून. आरशातल्यासारखी उलटी अक्षरं वाचायला कारकुनाने मान वाकडी केली, मग दुसऱ्या बाजूला केली, आणि तो हसायला लागला. आमच्या ह्यांचा चेहरा लाल झाला.

"ही कुणाची अक्कल?"

मी तोंड उघडलंही असतं कदाचित. माहीत नाही. मला स्वतःबद्दल तेवढी खात्री नाही. पण धाकटी कापूस लावलेल्या तोंडाने म्हणाली, "माझी, दादा. मीच स्टेन्सिल पालथी चिकटवून गेले. ताई बिचाऱ्या नुसता ब्रश मारत होत्या."

"तुला डोळे आहेत का बटणं?" हे ओरडले. त्या कारकुनासमोर. वर आणखी म्हणाले, "महिनाभर कटरला हात लावायचा नाही. ब्रश धू."

आणि ती महिनाभर ब्रश धूत होती. मी बघत होते. जेवताना सासूबाई टोमणे मारायच्या, मी ताटाकडे बघायची. किस्सा दुसऱ्या दिवशी लाकूडबाजारात पोचला, आठवड्याने सगळ्या गावात.

त्या चोवीस पाट्या आम्ही दोघींनी मिळून पॉलिशपेपरने घासल्या. तीन दिवस ती एक शब्द बोलली नाही आणि मीही नाही. शेवटच्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, "कशाला घेतलंस अंगावर?"

ती म्हणाली, "ताई, मला हसले तर चार दिवसांनी विसरतील. तुम्हाला हसले असते तर तुम्ही पुन्हा ब्रश धरला नसता."

मंडळी, यातलं दुसरं वाक्य अगदी बरोबर होतं. पहिलं साफ चुकलं. कुणीही विसरलं नाही.

मी तिचे उपकार मानले, असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही मला ओळखत नाही. ती जेव्हा म्हणाली, "ताई, मी तुम्हाला अक्षरं दाखवू का?" तेव्हा मी हातातला पॉलिशपेपर फेकला. "काल आलेली तू, मला शिकवणार? मी मोठी आहे तुझ्यापेक्षा!"

"मोठ्या आहात म्हणून तर विचारते. नाहीतर प्रत्येक ऑर्डर दोनदा घासायची माझ्यात ताकद नाही."

मी पंधरा दिवस अबोला धरला. तिनेही समजावणं वगैरे काही केलं नाही. एका सकाळी माझ्या टेबलावर तिने चोरून कापलेली एक छोटी स्टेन्सिल होती. तिच्या एका कोपऱ्यात लाल ठिपका. "ठिपका वर," एवढंच बोलून ती ब्रश धुवायला गेली. मी एक टाकाऊ फळी ओढली आणि निळ्या रंगात छापून काढलं. तीन अक्षरं. फळी तिच्याकडे नेली.

"हे काय आहे?"

"तुम्ही आहात, ताई."

बत्तीस वर्षांची होते मी. माझं नाव मी हजारदा ऐकलं होतं, कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर रोज एक अक्षर. ती कापायची, मी छापायची, छापताना मोठ्याने म्हणायचं. पुरुष मंडळी आली की फळी पालथी. त्यात एक गंमत झाली. स्टेन्सिलमधली अक्षरं अखंड नसतात, मधले तुकडे गळून पडू नयेत म्हणून जागोजागी जोड ठेवावा लागतो, म्हणजे रंगात तिथे फट पडते. मला वाटलं, अक्षरं असतातच तशी. मी हाताने लिहायला लागले तेव्हा प्रत्येक अक्षरात इमानाने फट सोडायची. लेकीच्या प्रगतिपुस्तकावर पहिली सही केली, तर बाईंनी विचारलं, "आईची सही आहे का शिक्का?"

दीड वर्ष लागलं. मग दुकानांच्या पाट्या, मग वर्तमानपत्र, मग पुस्तकं. आता माझ्या उशाशी पुस्तक नसेल तर मला झोप येत नाही, आणि आमचे हे दिव्याच्या नावाने कुरकुरतात.

सारखं तिचं कौतुक केलं तर डोक्यात जाईल, म्हणून हेही सांगते. एवढी मोठी कारागीर, पण तिला अजूनही ब्रशवर किती रंग घ्यावा ते कळत नाही. ती कापणार, मी रंगवणार, अशी आमची वाटणी झाली ती म्हणूनच. कटरची पाती ती रोज हरवते आणि मग माझ्या डब्यातली घेते. काम करताना गुणगुणते, तेही बेसूर. चहा थंड करते आणि मग तक्रार करते. ऑर्डर घाईची असली की आम्ही भांडतो, आणि आमच्या भांडणाशिवाय एकही मोठी ऑर्डर वेळेत गेलेली मला आठवत नाही.

आता भावजींच्या छातीला लाकडाचा भुसा सोसत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, कारखाना सोडा. दोघं लेकीकडे राहायला चाललेत. योग्यच आहे. मी स्वतः त्यांच्या मागे लागले होते.

हे सगळं मी आमच्या ह्यांना काल संध्याकाळी पहिल्यांदा सांगितलं. सदतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. मला वाटलं, चौथीवरून चिडतील. पण ते म्हणाले, "मग मी तिला त्या कारकुनासमोर जे बोललो, त्याचं काय?" आज सकाळी ते वरच्या मजल्यावर तिच्या दारात जाऊन उभे राहिले. हा माणूस आयुष्यात कुणाची माफी मागत नाही, हे इथल्या प्रत्येक पॉलिशवाल्याला माहीत आहे. म्हणाले, "चुकलं माझं. तुला डोळे होते." धाकटीने दार पूर्ण उघडलं आणि म्हणाली, "दादा, आत या, ही पेटी दोरीने बांधायची आहे." आणि पेटी बांधता बांधता दोघंही रडले, असं भावजींनी मला सांगितलं. भावजींचं ऐकायचं तर आज सकाळी ते सोडून घरात सगळेच रडले.

तिने मला सांगितलं होतं, "ताई, भाषणात हे काढू नका. एवढी वर्षं गेली, आता कशाला?" धाकटे, तू माझ्यासाठी जे केलंस ते मी तुला परत करू शकत नाही. पण तुझं नाव तरी सरळ करून देते. उद्यापासून या धंद्यात कुणी 'उलटा छाप' म्हणालं, तर त्याने माझ्याकडे बघून म्हणावं. मी ओ देईन.

अध्यक्ष महाशय, आपण हा सत्कार घडवून आणलात, अधीक्षक मॅडम आल्या, मंडळाच्या मुलामुलींनी हॉल सजवला, चहाची व्यवस्था केली, आपण सगळे एवढा वेळ शांत बसलात, मी मनापासून आभारी आहे. एकच विनंती. हे भाषण मी स्वतः लिहिलं आहे, चार रात्री बसून. आजवर मी लिहिलेली ओळ न् ओळ धाकटी तपासून द्यायची. या वेळी तिने तीनदा मागितलं आणि मी तीनदा लपवलं. तेव्हा यात चुका असणार. ऱ्हस्व-दीर्घाच्या तुम्हाला ऐकू आल्या नसतील, ते बरंच झालं. बाकीच्या ऐकू आल्या असतील, त्या पोटात घाला. आणि धाकटे, हा कागद घे. गाडीत वेळ असेल तेव्हा लाल पेन्सिल घेऊन बस, आणि तपासून मला टपालाने पाठव. मी वाचेन.