बंद बटण

आदिती : पुढं ढकलू नका मॅडम. मला आज हाच धडा पायजे.

वर्षाराणी मॅडम : अगं, भाऊ गेल्यावर आज पहिल्यांदाच शाळेत आलीस तू. लगेच विजेचा धडा... वर्गाला मी पुढच्या आठवड्यात घेते म्हटलं.

आदिती : वर्गाचं जाऊ द्या. मला एवढंच सांगा, बटण बंद असताना माणसाला करंट लागतो का?

मॅडम : का विचारतेस?

आदिती : आई म्हणते, जिनूदादा कूलर पुसायला बसला तवा मी बटण बंद केलतं. अण्णा म्हणतात, बंद केलतंस तर पोरगा मेला कसा? तवापासनं आईशी बोलत न्हाईत. तिनं ताट वाढलं की उठून जातात. आत्या तर तिच्या तोंडावर म्हणाली, पोराला खाल्लंस.

मॅडम : आणि आई?

आदिती : पयला भांडायची. आता बस्तीत देवाच्या दर्शनालाबी जात न्हाय. म्हणते, मीच विसरले असेन.

मॅडम : कूलर पत्र्याचा होता?

आदिती : व्हय. दादानं तो पुढं ओढला, तवा वायर खाली चेंगारली. तांबं उघडं पडून पत्र्याला टेकलंय. आणि फरशी ओली.

मॅडम : बोर्डाला अर्थिंग?

आदिती : सॉकेटचं तिसरं भोक नुसतंच हाय. मागं वायरच न्हाय.

मॅडम : तू बोर्ड उघडलास? एकटीनं?

आदिती : मेन स्विच पाडून. रागवा, पण नंतर. आधी हा फोटो बघा. लाल वायर थेट सॉकेटला गेलीया. बटणाला काळी हाय. पुस्तकातल्या आकृतीत तर उलटं हाय की.

मॅडम : दाखव... इकडं ये. हा आपला प्रयोगाचा बोर्ड. मी तुमच्या घरच्यासारखं जोडते. लाल म्हणजे फेज, ती थेट दिव्याला. बटण काळ्या वायरवर, न्यूट्रलवर. आता बटण बंद कर.

आदिती : दिवा गेला.

मॅडम : परिपथ तुटला म्हणून गेला. आता होल्डरला टेस्टर लाव. प्लास्टिकलाच धर, बोट फक्त मागच्या टोपीला.

आदिती : पेटला. मॅडम, टेस्टर पेटला!

मॅडम : बटणानं परतीची वाट अडवली. येणारी वीज इथवर आलेलीच आहे. तुमच्या घरी ती उघड्या वायरीतून पत्र्यात उतरली. अर्थिंग असतं तर जमिनीत गेली असती, फ्यूज उडाला असता. ते नव्हतं. ओल्या फरशीवर बसलेला जिनेंद्र होता.

आदिती : म्हणजे आई खरं बोलत हुती.

मॅडम : बोलत असणार. पंखा फिरत होता का तेव्हा?

आदिती : न्हाय की! दादा आतलं पातंच पुसत हुता. फडकं पात्यात तसंच अडकल्यालं हुतं. शेजारच्या चिमणाबाईंनी काढलं.

मॅडम : मग झालं तर. बटण बंदच होतं. आता त्या वायरमनला गाठायला हवं. काम कुणी केलं होतं?

आदिती : वायरमन न्हवता मॅडम.

मॅडम : मग?

आदिती : अण्णांनी केलं. कूलर आणला तवा.

मॅडम : अरे देवा.

आदिती : सांगितलं तर अण्णा खचतील. न्हाय सांगितलं तर आई मरंल. काय करू?

(दारात आदितीचे वडील वर्धमान, कारखान्याच्या गणवेशात.)

वर्धमान : नमस्कार मॅडम. चल आदिती, गाडी खाली हाय. तुला घरी सोडून मला कागलला जायाचंय, शिफ्ट हाय. ह्यो काय उद्योग?

आदिती : अण्णा, बटण बंद हाय न्हवं?

वर्धमान : हाय की. दिवा कुठं लागलाय?

आदिती : ह्यो टेस्टर लावा.

वर्धमान : मला कशाला... आं? पेटतोय की ह्यो.

मॅडम : बटण न्यूट्रलला जोडलंय. मुद्दाम, दाखवायला.

आदिती : दादा पातं पुसत हुता अण्णा. चालू असतं तर पातं फिरलं नसतं का? त्यानं हात घातला असता का?

वर्धमान : थांब.

आदिती : अण्णा, आईनं—

वर्धमान : थांब म्हणतोय न्हवं! ...मॅडम, आमच्या घरातबी असंच हाय?

मॅडम : हो. फोटोत दिसतंय.

वर्धमान : त्यो बोर्ड मी बसवलो.

मॅडम : असं जोडलं तरी दिवा लागतो, पंखा फिरतो. चुकलंय हे बाहेरून कळत नाही.

वर्धमान : उजेडाला बॅटरी जिनूनं धरलती. पंखा फिरला तवा मी त्याला टाळी दिली. म्हटलं, बघ, दोघं मिळून केलो का न्हाय?

आदिती : अण्णा, बसा तरी.

वर्धमान : तुझा फोन दे, आईला लावतो. माझा नंबर बघितला तर भ्याल ती.

आदिती : घ्या. वाजतोय.

वर्धमान : ...आदिती न्हवं, मी हाय. ऐक. बटण बंद हुतं. तू बंद केलतंस. व्हय, नक्की. वायर मीच उलटी जोडलतो... न्हाय, शिफ्टला जात न्हाय. घरीच येतोय. ऐकतीयास न्हवं?

आदिती : काय म्हणती?

वर्धमान : घे, तूच इचार तिला. मी गाडी काढतो, घरी जाऊ.