एकशे सत्तावीस भोकं

हॅलो?

…हो, मीच. माझ्या फोनवर दुसरं कोण असणार, ताई? बोल.

…वाचलास ना मेसेज? मग झालं तर. जे लिहिलंय तेच म्हणायचंय मला. आईच्या पुरणयंत्राची जाळी म्हणून तू नकली माल माझ्या माथी मारलास.

…ओरडू नकोस. आवाज खाली कर आधी. बाबा आत जेवतायत आणि माझ्या फोनमधला आवाज पार गॅलरीपर्यंत जातो.

…नाही, त्यांना काही माहीत नाही. परवा पार्ल्याच्या हॉलमध्ये पोशाखावरचा पडदा सरकला की मगच बघायचंय त्यांनी. तू तेवढं मध्येच फोन करून सांगून टाकू नकोस.

…पुरावा? पुरावा पाहिजे तुला? भोकं मोजली मी!

…हो, मोजली. टाचणी घेऊन, एकेका भोकात घालून मोजली. तू दिलेल्या जाळीला एकशे एकवीस. बाबांनी पोशाख केलेल्या त्या पिक्चरमध्ये पहारेकऱ्याच्या तोंडावर जी जाळी आहे, तिला एकशे सत्तावीस. पोशाख जुळवायला मला मदत करतो ना, त्या धम्मपालकडे पिक्चरची साफ केलेली कॉपी आहे. पहारेकरी तोंड वळवतो ना, तिथे थांबवून, मोठं करून, दोघांनी तीन-तीनदा मोजलं. सहा कमी आहेत, ताई. सहा!

…हस. हस तू. तुला काय जातंय हसायला.

…कोसळतं आकाश! कोसळतं सहा भोकांनी! अगं, परवा दोनशे माणसं येणारेत. त्या पिक्चरची वेडी आहेत ती. पहारेकऱ्याच्या पट्ट्यावरच्या टाइपरायटरच्या बटणांत 'क' कुठे आणि 'ळ' कुठे, हे त्यांना पाठ आहे. त्यांनी सांगितलंय, सगळा पोशाख पडद्यावर दिसतो तस्साच पाहिजे, प्रत्येक वस्तू तीच किंवा त्याच काळातली, त्याच बनावटीची. तरच पोशाखाखाली नावाची पाटी लागणार.

…कुणाच्या म्हणजे? बाबांच्या! चंद्रप्रकाश सकपाळ. तुझेही वडीलच लागतात ते, आठवतंय का?

…काय म्हणालीस? पत्र्याचा तमाशा? तोंड सांभाळून बोल हां, ताई. 'शुक्रावरचा पहारेकरी' थेटरात चार दिवस टिकला, मान्य. गोष्ट भिकार होती, तेही मान्य. पण आज पोरं त्या पोशाखाचे टीशर्ट घालून फिरतायत. आणि पिक्चर सुरू होताना नावं कुणाची येतात? चहा देणाऱ्याचंसुद्धा येतं. बाबांचं नाही. पोशाख कुणाचा, तर त्या कलादिग्दर्शकाचा, ज्याला पान्हा कसा धरतात तेही माहीत नव्हतं. बाबा विक्रोळीला आठ तास लेथवर उभे राहून घरी यायचे आणि मग ते चिलखत ठोकत बसायचे. तू सातवीत होतीस. मी बालवाडीत. मला काय आठवणार? तुला तर सगळं आठवायला पाहिजे. आईच्या स्टोव्हची टाकी त्याच्या पाठीवर, जर्मनच्या पराती खांद्यावर, काकांच्या स्कूटरच्या दिव्याची रिंग डोळ्याला. आईला आठवडाभर शेजारच्यांचा स्टोव्ह मागून स्वयंपाक करायला लागला. आणि शेवटी मिळालं काय? शाल, नारळ आणि एक फोटो. त्या फोटोतही बाबांचं अर्धं डोकं कापलंय.

…तीन वर्षं. हो, तीन वर्षं तो पोशाख पुन्हा जुळवतेय मी. कुर्ल्याच्या भंगारात तशीच टाकी शोधली. टाइपरायटरची बटणं कुठून आणली माहितीये? पार्ल्यातला एक टायपिंगचा क्लास बंद झाला, त्याच्या मालकिणीच्या हातापाया पडून. फक्त एकच वस्तू अशी होती, जी शोधायची गरज नव्हती. आईची जाळी. आपल्या घरातली. पिक्चरमध्ये खरीखुरी दिसलेली. आणि तीच तू दडवलीस.

…दडवलीस! खरी कपाटात ठेवलीस आणि बाजारातली मला दिलीस.

…जाळी घेऊन मी चहा न घेता निघाले, हो, निघाले. दारातूनच निघाले. तुझ्या घरी चहा घ्यायचा म्हणजे आधी तासभर ऐकून घ्यायचं, आईच्या आजारपणात तुला बोरिवलीहून येणं कसं जमत नव्हतं. गुडघे काय, भाऊजींची शिफ्ट काय…

…मग नको काढूस तू पण घराचा विषय! घर मला मिळालं, हो, मिळालं. त्याबरोबर बाबांची इन्शुलिनची सुई मिळाली, त्यांचं पथ्य मिळालं, पहाटे चारला उठून 'कारखान्यात आज कितवी पाळी' म्हणून त्यांचं विचारणं मिळालं. त्यातलं अर्धं न्यायला कधी टेम्पो घेऊन नाही आलीस.

…माहितीये. पाठ झालंय. आईचं म्हणून तू फक्त पुरणयंत्र नेलंस, साडीसुद्धा नाही नेलीस, सोनं तर नाहीच. किती वेळा ऐकवशील? आणि मी काय कायमची मागितली होती? चार दिवसांसाठी मागितली. परतच करणार होते.

…

…'होते' म्हणजे होते. शब्दात काय पकडतेस?

…अगं ऐक ना. ऐक. मला परवाच्या आत एकशे सत्तावीसवाली पाहिजे होती. काल घाटकोपरला मार्केटमध्ये त्या जुन्या भांडीवाल्याकडे मिळाली. तशीच जाडी, कडेला तश्शाच दोन रेघा. मी दुकानातच उभ्याने मोजली. तो म्हणाला, जुन्या पितळेची मोड घेऊन या, मग देतो. म्हणून आज सकाळी गेले आणि तुझी ती नकली दिली मोडीत.

…दिली म्हणजे दिली! ताजव्यात टाकली त्याने. मग पोत्यात.

…अरे वा! आता का किंचाळतेस? दोन मिनिटांपूर्वी तर पत्र्याचा तमाशा होता. बाजारातली जाळी गेली तर एवढं…

…बाजारातली नाही? मग कुठली?

…काय?

…काहीही सांगू नकोस, ताई. आपली चूक झाकायला बाबांना मध्ये आणू नकोस. आईची जाळी शूटिंगवरून परत आली होती. टाकी आली, पराती आल्या, जाळी पण आली. तिच्यातून निघालेल्या पुरणाच्या पोळ्या मी हाताने मोडून खाल्ल्यात.

…हरवली? कुठे हरवली?

…हळू. हळू सांग, मला कळत नाहीये. अंधेरीला, स्टुडिओतच. …जाळी लावलेला मुखवटा कुणीतरी बाहेर नेला, तो परत आलाच नाही. …हां. …आणि होळी चार दिवसांवर. …आणि ती जाळी आजीने राजापूरहून दिलेली. आई ती कुणाला हात लावू देत नसे, हो, ते माहितीये मला.

…मग?

…कारखान्यात? लेथवर?

…जेवणाच्या सुट्टीत. तीन दिवस जेवलेच नाहीत. …भोकं पण स्वतः पाडली. …अगं, पण मोजायला समोर जुनी जाळी कुठे होती? …डोळ्यांसमोर आणून. म्हणून सहा कमी?

…ताई, शपथ घे. …आईची घे.

…नाही, थांब. नाही पटत मला. बाहेर कशी काढली? त्या गेटवर डबा उघडून बघायचे. एवढं पितळ घेऊन कोण सोडेल?

…टोकन नंबर.

…ते माहितीये. कामगाराचं स्वतःचं हत्यार असलं की त्यावर आपला टोकन नंबर ठोकून ठेवायचा, म्हणजे गेटवर अडवत नाहीत. बाबांच्या पकडीवर आहे, कॅलिपरवर आहे. …मग? जाळीवरही ठोकला? माझंच हत्यार आहे म्हणून दाखवून बाहेर काढली?

…कुठल्या बाजूला?

…

…आतल्या?

…होता. आतल्या बाजूला, कडेला, एक नंबर होता. चार-एक-दोन. मला वाटलं, दुकानदाराचा आहे. माल मोजायला घालतात तसा. धम्मपालला मीच दाखवला, म्हटलं हे बघ, बाजारातली आहे, नंबर ठोकलाय. त्यावरून तर माझी खात्री पटली गं.

…मग मला आधी का नाही सांगितलंस? …विचारलंस कुठे म्हणे! आता दहा मिनिटं भांडतेयस, तेव्हा पहिल्याच वाक्यात सांगायचं ना! पोत्यात गेल्यावर सांगतेस?

…कुणाला वचन? आईला?

…आईला माहीत होतं?

…कधीपासून? …पहिल्याच पुरणाला. …हो, भोकं जरा मोठी, मग दांडा हलका फिरणारच. तिच्या हाताला लगेच कळलं असणार. आणि बोलली नाही? एवढी भांडखोर बाई, कोथिंबिरीच्या जुडीवरून बाजार डोक्यावर घ्यायची, आणि पस्तीस होळ्या त्या जाळीतून पुरण काढलं आणि बाबांना एका शब्दाने बोलली नाही?

…फक्त तुला. कधी?

…हॉस्पिटलमध्ये. मी खाली औषधं आणायला गेले होते तेव्हा. …'त्यांना वाटतं मला कळलं नाही, तसंच राहू दे.' …असं म्हणाली?

…ताई, ते मला सांगता आलं असतं तिला. मी पण तिथेच होते. चौदा महिने तिथेच होते.

…नाही, तुझ्यावर नाही चिडत. हो, चिडतेय. तुझ्यावर पण चिडतेय. गप बस जरा.

…थांब. बाबांना विचारते. …काही सांगत नाही गं त्यांना! फक्त नंबर विचारते. बाबांचा नंबर दुसराच निघाला तर तुझी खैर नाही, सांगून ठेवते. धर, फोन चालूच आहे.

बाबा! अहो बाबा! कारखान्यात तुमचा टोकन नंबर काय होता हो?

…

…ताई.

…चारशे बारा. काल काय जेवले ते सांगता येत नाही त्यांना. हे मात्र हातातला घास खाली न ठेवता म्हणाले.

…नाही. रडत नाहीये. पावती शोधतेय. पर्समध्येच टाकली होती… किती वाजले? एक वाजून दहा. मोडीचा माल दोन वाजता टेम्पो येऊन नेतो, सकाळी तोच सांगत होता दुसऱ्या गिऱ्हाइकाला. भट्टीत जातो म्हणाला. …अगं, माहितीये मला भट्टी म्हणजे काय! तू नको सांगूस!

…मिळाली. नंबर आहे पावतीवर. तू ठेव, मी दुकानात फोन लावते, लावता लावताच रिक्षा पकडते. एकशे सत्तावीसवाली त्याच्या तोंडावर परत मारते आणि पोतं उघडायला लावते. नाही उघडलं तर दुकानासमोर बसते.

…परवाचं परवा बघू. पाटी लावोत नाहीतर न लावोत. पहारेकऱ्याच्या तोंडाला तीच बसणार, एकशे एकवीसची. मोजू देत त्यांना टाचण्या घालून.

…तू? कुठे येतेस? बोरिवलीहून निघून तू पोचेपर्यंत तीन वाजतील. …बरं, ये. घाटकोपरला नको, इथे मुलुंडला ये. बाबांजवळ कुणीतरी पाहिजे. आणि आल्या आल्या मला काही बोलू नकोस, आधीच सांगते. उद्या बोल. …हो. माझं चुकलं. ऐकलंस? चुकलं. आता ठेव.

…थांब, थांब. बाबा बाहेर आलेत. हात न धुताच आलेत.

काय झालं बाबा? …कुठली जाळी?

…नाही, मी आपलं सहजच विचारलं नंबर.

…ताई, त्यांना जाळीचं आठवलंय. चारशे बारा म्हटल्यावर तेच डोक्यात आलं वाटतं. …शू. ऐकतायत. रडू नकोस तू, आवाज बाहेर येतो.

…काय म्हणालात, बाबा?

…नाही. नाही हो, बाबा. आईला नाही कळलं. कधीच नाही. ती शेवटपर्यंत म्हणायची, माझ्या आईची जाळी आहे, कुणी हात लावू नका.

…हो. हात धुवा. ताई येतेय, तिला दार उघडा.

…ठेवते, ताई.