कोमट तीर्थ

— नवस माझा होता, शरणम्मा, विजयमालाचा नव्हे. तिला यातलं काही नको होतं. बस की, वही देते, उभ्या उभ्या कशाला? तुझ्या दाक्षायणीला आता दहावीलाच बोर्ड, आमच्या पोरीच्या वेळी अकरावीला होतं, पण विज्ञानात पाण्याचा धडा असणारच की — पाणी कुठं बदलतंय? विजयमालाचं अक्षर बघ, मुंग्यांची रांग लावल्यासारखं. शाळेतल्या बाई म्हणायच्या, हिची वही तपासायची नसते, नुसती बघायची असते.

तर नवस. दुष्काळाचं साल, पोरगी मॅट्रिकला, आणि विज्ञानाची तिला धास्ती — म्हणजे धास्ती मलाच, तिला कसली? मी माझ्या माहेरच्या देवाला बोलले, परीक्षेच्या आधीचे अकरा सोमवार तुझ्या आडाचं पाणी तिला अनशापोटी पेलाभर पाजीन, पोरगी पास झाली की तुला नारळाचं तोरण बांधीन. आम्ही दोघं नवराबायको नुसतं जिभेला लावायचो, पेलाभर तिला एकटीला. माझा भाऊ धोंडीराम दर रविवारी एसटीनं कळशी आणायचा. म्हणायचा, आक्के, आडाला दोन दोर जोडावे लागतात आता, तळ दिसतोय. मी म्हणायची, तळाचंच पाणी खरं तीर्थ रे. असं म्हणायची मी. हसून.

तो तांब्या खाली ठेव की. हात अवघडला असेल. तुझ्याही माहेरच्या देवाचं पाणी ना? — वाटलंच मला. झाकण काय घट्ट बसवलंयस.

पानं चाळ हवी तर, पण चौथा, पाण्याचा धडा आत्ता नको — अगं, नको म्हटलं ना. बरं, उघडलंसच. आता वाचच. समासात पेन्सिलीनं काय लिहिलंय? ‘आईला परत सांगणे.’ व्हय, मलाच. माझी चौथीपर्यंत शाळा झालीय, मला येतं वाचायला. ती गेल्यावर महिन्याभरानं वाचलं मी ते. परत सांगणे — म्हणजे आधी सांगून झालं होतं. तीनदा. या चुलीपाशी बसून सांगितलं होतं, आई, आडाचं पाणी खाली गेलं की भोवतालची घाण झिरपून त्यातच उतरते, दुष्काळी कामावरची माणसं तिथंच धुतात, जनावरं तिथंच उभी असतात, पाणी वीस मिनिटं उकळलं पाहिजे, पुस्तकात आहे. मी म्हटलं, पुस्तक सरकारचं, पाणी देवाचं.

सगळ्यांना मी ऊन लागलं म्हणून सांगितलं. तुलाही तसंच सांगितलंय. मार्चातलं ऊन, कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही. ऊन नव्हतं, शरणम्मा.

सहा सोमवार तिनं ते पाणी चोरून उकळलं. ‘चहा ठेवते’ म्हणायची, स्टोव्हला पंप मारायची, आणि माझी पोथी संपायच्या आत पेला परत देवापुढं. मला काय कळणार? सातव्या सोमवारी मी पेला उचलला तर कोमट. तीर्थ कोमट! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तीर्थाला विस्तव लावलास? तिचा हात धरून माझ्या डोक्यावर ठेवला — घे शपथ, यापुढं जसं येतं तसं पिशील. पोरगी हसली, म्हणाली, आई, हाच प्रश्न पेपरात आला तर खरं लिहू की तुझं? आणि माझ्यासमोर कळशीतलं घेऊन प्याली. सगळा पेला. तोंड पुसलं आणि शाळेत गेली.

सातवा, आठवा, नववा. नवव्या सोमवारनंतर गुरुवारी — जुलाब, उलट्या, टांग्यात घालून नेलं, सलाईन लावलं, शीर सापडत नव्हती म्हणे. दोन सोमवार देवाकडे राहिले. हॉल तिकीट घेऊन शिपाई आला तेव्हा तिचे दिवस घालून झाले होते. ते वहीतच आहे, शेवटच्या पानात. राहू दे, काढू नकोस.

दुपारी पाणी उकळायला ठेवलं की ती अजून पाठ करते. त्या कोपऱ्यात, भांड्यांच्या मांडणीपाशी. ‘एक — गाळणे. दोन — उकळणे.’ आणि थांबते. तिसरं कधी म्हणत नाही. मी ‘पुढं गं?’ म्हणते, तर नुसता पाण्याचाच आवाज. भीती? नाही वाटत. भांडं लवकर उतरवत नाही एवढंच. वीस मिनिटांच्या वर ठेवते.

देव सोडला नाही मी. त्याच्यावर कसला राग? पाणी आटलं, त्यात घाण उतरली, आणि आईनं डोक्यावर हात ठेवून घेतला — यात त्यानं काय केलं? सोमवार अजून करते. फक्त पाणी आधी उकळते, निववते, मग त्याच्यापुढं ठेवते. तीन वर्षं झाली, तो कोमटच घेतोय. एकदाही काही बोलला नाही.

उठलीस? तांब्या पदराखाली कशाला घेतेस, मी काय हिसकावून घेणार आहे? ऐक. आज सकाळीच देवापुढं बोललेय मी — दाक्षायणी सगळे पेपर देऊन स्वतःच्या पायांनी घरी आली, की राहिलेलं तोरण तिच्या नावानं बांधीन. पास-नापास त्यात घातलंच नाही.

स्टोव्ह पेटवलाय. हे पातेलं घे, ओत यात. आणि तूही देवाला तेवढंच बोल, शरणम्मा.