उजव्या डोळ्यातला फुटका पाट

…अन् वरून म्हणते, “वा! सुंदर!” आता तुमीच सांगा, परका माणूस माझ्या बायकोच्या डोळ्यात डोळा घालून सुंदर म्हणते, अन् मी मांगं उभा, पागोटं सावरत! काय करावं माणसानं?

मी तसा बोलणारा नाही. दिवसभर वांग्याच्या वाफ्यात पाणी वळतो, तिथं बोलायचं कोणासंगं? पण हे पोटात राहत नाही, म्हणून तुमाले सांगून राह्यलो. आमची तुळसाबाई म्हणे, उजव्या डोळ्यात धुवा बसला. मी म्हणलं, चुलीचा असंल. ती म्हणे, चूल तं कवाची विझली. तितक्यात कळलं, नागपूरचा मोठा डागदर आमच्या जवळच्या मालेगावच्या धर्मशाळेत उतरला, डोळ्याच्या आतल्या रक्ताच्या शिरा पाहते अन् त्यायचं चित्र काढते. म्हणलं, चला बाप्पा! आमच्या किन्हीराजा गावाहून बंडी जुंपली. वांगी बाजारात उतरवली अन् तुळसाबाईले धर्मशाळेत.

डागदरनं आधी डोळ्यात थेंब टाकले. मंग खिडकीले घोंगडं लावलं, दार लावलं, भर दुपारी अंधार! कंदील टांगला तिच्या कानामांगं, अन् हातात घेतला रुपयाएवढा आरसा, तोही मधात भोक पडलेला! मले वाटलं, गरीब असंल बिचारा. तं म्हणे, त्या भोकातूनच पाहायचं असते! अन् तोंड आणलं किती जवळ? चार बोटं! लग्नाले चाळीस वर्सं झाली, लोकायपुढं मी चार हाताच्या आत नाही गेलो!

“बाई, वर पाहा.” तुळसाबाईनं पदर पुढं ओढला. “बाई, समोर पाहा.” तिची नजर जमिनीत गाडलेली. परक्या माणसाकडे पाहील का ती? डागदरले घाम सुटला. “अहो, माझ्याकडे नका पाहू! माझ्या कानाजवळून मागे पाहा. हे उभे राहतील मागे, यांच्याकडे पाहा.”

आता हे तं त्याहून वंगाळ! परक्यापुढं नवऱ्याच्या तोंडाकडे टक लावायची? असं काम तिनं जन्मात नाही केलं. शेवटी मीच म्हणलं, “पाह्य वो, जे काय पाप असंल ते मले लागंल.”

मंग तिनं पाह्यलं… अन् पाहतच राह्यली! तुमाले सांगतो, मले कानकोंडं झालं. मिशीवरून हात फिरवला, छाती जराशी पुढं काढली. अन् नेमकं तेव्हाच तो डागदर म्हणते, “वा! सुंदर!” घडीभर मले वाटलं, मलेच म्हणून राह्यला!

कायचं मले? तो डोळ्यातल्या शिरेले म्हणे. झटकन कागद घेतला, लाल पेन्सिल, निळी पेन्सिल. पुन्हा भोकातून डोकावला, पुन्हा “वा! सुंदर!”, पुन्हा एक रेघ. मंग तिले म्हणते, “डावा डोळा झाका. समोर काय दिसतं?”

“ह्यायचं पागोटं दिसते. खाली धोतर दिसते.”

“आणि तोंड?”

“तोंडाच्या जागी धुवा.”

घ्या! मी एवढा येळ मिशी कोणाले दाखवून राह्यलो होतो? धुव्याले!

“कधीपासून?”

“तूर काढली तवापासून.”

“मले सांगितलं काहून नाही वो?”

“तुमी पाणी वळून राह्यले होते.”

मी डागदरचा कागद पाह्यला. अन् पाहतो तं काय, आमचाच मळा! एका जागून निघालेले पाट, त्याले फुटलेले बारके दांड, लाल निराळे, निळे निराळे. एका ठिकाणी लाल पाट निळ्यावरून गेला, तिथं निळा चेपला, मांगं पाणी तुंबलं अन् बांध फुटून सारा वाफा लाल. मी बोट ठेवलं. “डागदरसाहेब, इथं फुटला.”

“अगदी बरोबर!” त्याले कोण आनंद! “तुम्हाला कसं कळलं?”

“जन्मभर तेच करतो. बुजवा ना मंग.”

तो खाली पाहाले लागला. “तो बुजवता येत नाही, बाबा.”

ऐका! मी असतो तं फावड्यानं घडीभरात बुजवला असता. नागपुरात इतकं शिकून फुटका पाट नुसता पाहायचा? अन् वरून सुंदर म्हणायचं?

“अन् डावा?” मी इचारलं. त्यानं डाव्यात लय येळ पाह्यलं. या खेपेले सुंदर म्हणला नाही, म्हणून मले जरा धीर आला. “इथंही दाब पडू लागलाय, पण फुटलेलं नाही. रक्ताचा जोर कमी ठेवा. मीठ बंद. राग बंद. यांना चिडू द्यायचं नाही.”

मीठ बंद, भांडण बंद! संसारात राह्यलं काय मंग?

पण पाळून राह्यलो, बाप्पा. दोघायचीही भाजी अळणी. परवा तिनं मीठ चाखलं, मी वरडलो. आता वाटलं, ही उलटून बोलंल, जोर चढंल… मी तसाच घाबरून उभा. तिनं थंडपणानं चांगला डोळा झाकला, माझ्या तोंडाच्या जागी धुवा बसवला, अन् म्हणते कशी,

“वा! सुंदर!”