फुलोऱ्यातली करंजी

सोपं? मामीजी, तुम्हीसुद्धा असंच म्हणायचं? — तिकडे सरकून बसा, त्या पाटावर, इथे तुपाचे शिंतोडे उडतात — सोपं म्हणे! तांदूळ भिजवायचे, वाळवायचे, कुटायचे, गूळ मिसळायचा, तळायचे, झाले अनरसे. मासिकात असंच छापतात. अमरावतीला मी मामाकडे राहून कॉलेजात जायची तेव्हा यायचं तिथे एक, 'घरच्या घरी सोपे गोड पदार्थ' — लिहिणारी बाई बहुतेक खुर्चीवर बसून तळत असेल. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, हे लिहायचं राहिलं. तांदूळ सावलीत वाळवायचे पण पुरते वाळू द्यायचे नाहीत, हे राहिलं. आणि कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळाबद्दल तर एक अक्षर नाही. पऱ्हाटी भसकन् पेटते आणि आपण अनरसा सोडेपर्यंत भसकन् विझते, की हसलाच तो. हा बघा. हसला. विरघळला सगळा तुपात, जाळी नाही, काही नाही, नुसता चुरा. सातवा हा. आमची आई म्हणते, करणारणीचं मन जागेवर नसलं की अनरसा हसतो. मी म्हटलं, आई, गूळ ओला आहे, मनाचा काय संबंध? लढाईपायी साखर दिसत नाही, गूळ मिळाला तो असा पाणी सुटलेला — अगं बाई! काय पडलं? — झारा होय. माझ्याच हातातून. मला वाटलं पुढच्या खोलीतून कोणी आलं. नाही, घाबरले नाही, घाबरायचं काय त्यात.

आणि एवढी खटपट कोणासाठी? विष्णूसाठी! धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे विष्णू. तेहेतीस अनरसे परातीत रचायचे, वर तुपाचा दिवा ठेवायचा आणि विष्णूच्या हाती वाण द्यायचं. आमचे विष्णू पुढे लोडाला टेकून बाबांशी कापसाबद्दल बोलत बसलेत आणि मुरमुऱ्याचा चिवडा खाताहेत, तिसरी बशी — मी कशाला लक्ष ठेवू, बशी रिकामी होऊन आत येते म्हणून कळतं. लक्ष्मी इथे चुलीपुढे. नऊ महिन्यांनी आले हो तुमचे भाचे. मंगरूळहून इंझोरी म्हणजे काय काशी आहे? भल्या पहाटे गाडी जुंपली तर न्याहारीला पोचतो माणूस, तुम्ही आज पोचलातच की. नऊ महिन्यांत गाडी जुंपायला जमलं नाही. आणि आल्यावर मी पायांवर पाणी घातलं, प्यायला तांब्या दिला, तर तांब्याकडे बघून म्हणाले काय — 'पाणी गार आहे.' बस. नऊ महिन्यांचं सगळं बोलणं त्यात आलं. हसू नका मामीजी, मी पाणी ओतता ओतता मनात दहा उत्तरं तयार केली होती, त्यांनी काय विचारलं तर काय म्हणायचं त्याची. गार पाण्याला त्यातलं एकही लागू पडेना, रिकामा तांब्या घेऊन आत आले.

घ्या ना, तुम्हीही घ्या चिवडा. हा मात्र खरंच सोपा. मुरमुरे उन्हात टाकले, शेंगदाणे, डाळवं, लसूण, मिरची, हळद — पंधरा मिनिटं. याच्यासाठी कोणाला कॉलेजात जायला नको, असं आत्याबाई म्हणायच्या. सासूबाईच त्या, त्यांना प्रत्येक पदार्थ बघून कॉलेजची आठवण व्हायची. पोळी वाकडी झाली — 'कालेजात गोल नसते काय वं?' वरणाला उशीर झाला — 'कालेजातलं वरन हाय, दमानं शिजते.' इंटरपर्यंत शिकले मी, मामीजी, दोन वर्षं. एवढ्याशा शिक्षणात त्या बाईंना तीन सुनांकडून मिळाली नसती एवढी करमणूक मिळाली.

नाही, तुम्ही चिवडा खायला आला नाहीत हे कळतं मला. आईने मघाशीच सांगितलं. मंगरूळला पोचल्यावर मी उंबऱ्यातच आत्याबाईंच्या पायांवर डोकं ठेवायचं, चार बायका बोलावलेल्या असतील त्यांच्यासमोर, पंचफुलाबाईंसमोर — नणंद कशी चुकवेल असला तमाशा — आणि म्हणायचं, 'देवीच्या आधी मी तोंड लावलं, चुकलं माझं.' एवढं म्हटलं की मी आत. नाही म्हटलं तर विष्णू वाण घेऊन परत आणि मी इथेच, पुढचा धोंडा येईपर्यंत. म्हणजे आणखी तीन वर्षं. हेच ना? आईने तर सकाळपासून मला तीनदा सांगून झालं, एका वाक्यानं जीभ झिजत नाही म्हणून. झिजत नाही, खरं आहे. मी सरावही केला, इथेच, कढईपुढे. 'चुकलं माझं.' ऐकायला बरं वाटतं, नाही?

आणि कशापायी, तर एका करंजीपायी! तुम्ही गेल्या भाद्रपदात महालक्ष्म्यांना आला नव्हतात, म्हणून तुम्हाला ऐकीव. तुम्हाला पंचफुलाबाईंनी सांगितलं असेल, म्हणजे एका करंजीच्या बारा झाल्या असतील. तुमच्याकडेही फुलोरा असतोच — करंज्या, वेण्या, फण्या, पापड्या तळायच्या, दोऱ्यात ओवायच्या आणि महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगायच्या, ज्येष्ठेला पाच, कनिष्ठेला पाच. मी आदल्या दिवसापासून तळत होते. फणीचे दाते पाडायला मला आत्याबाईंनी हातातलं कातणं ओढून घेऊन शिकवलं, 'फनी हाय का दंताळं?' असं म्हणत. सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी, वडे, सगळं शिजून झाकून ठेवलेलं. घरात नैवेद्य होईपर्यंत कोणाच्या पोटात पाणी नाही, बायांच्या नाही, गड्यांच्या नाही. आणि पंचफुलाबाई दोरा ओवता ओवता थांबल्या. 'वयनी, करंज्या नऊच हायेत. दहा पायजेत.' मग आत्याबाई आल्या. 'कोनं खाल्ली? देवीच्या आंधी कोनं तोंड लावलं?' सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण सकाळपासून त्या खोलीत मी एकटीच. मी म्हटलं, 'मी चाखली. सारणात गूळ नीट आहे का ते बघायला.' 

हो, म्हटलं मी तसं. मग जे झालं ते झालं. 'महालक्ष्म्याचं चाखलं? काहून चाखलं वं? हेच शिकोलं काय तुले कालेजात?' सगळं उष्टं झालं म्हणे. एक करंजी खाल्ली तर सोळा भाज्या कशा उष्ट्या होतात, हे मला अजून कोणी समजावलेलं नाही. सगळं गुरांपुढे नेऊन ओतलं, पुरणपोळ्यांसकट. गुरांना कोणी विचारलं नाही हो, देवीच्या आधी काहून खाल्लं म्हणून! बाया पुन्हा चुलीपुढे बसल्या, पाहुणे ओसरीवर उपाशी ताटकळत, सासरे म्हणून बसलेल्या मामाजींनी तोंड फिरवून विडा लावायला घेतला. आणि तिसऱ्या दिवशी म्हैस आटली. तीही माझ्यामुळेच. म्हशीलाही कळलं, सून कॉलेजातली आहे! चौथ्या दिवशी मला इथे आणून घातलं — 'रीत शिकून ये.' कोणी आणलं? गड्याने. रूपलाने. तुमच्या भाच्यांना त्या दिवशी रानात काम निघालं होतं.

तुम्ही म्हणाल, शिकलेली बाई, चाखायचा हट्ट कशाला? अहो, मला काय रीत ठाऊक नव्हती? आमच्याकडे काय देव नाहीत? पाच वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे, नैवेद्याच्या आधी जिभेला बोट लावायचं नाही, वासावरून मीठ ओळखायचं. माझी आई वासावरून ओळखते, मीही ओळखते. मी कशाला चाखीन? मी नुसती दाराच्या आत उभी होते, मी फक्त उचलून दि —

काही नाही. 

गूळ जास्त झालाय यात, बघा ना, आठवा पण हसला. तांदळाची पिठी घालायला हवी. कुठे ठेवली पिठी — दिली म्हणजे काय? काय दिली? मी असं काही म्हटलं नाही. मामीजी, असं बघू नका माझ्याकडे. पुढे ऐकू जाईल. — कोण आहे? मांजर. मांजरच आहे.

शप्पथ घ्या आधी. गळ्याची. कोणाला सांगायचं नाही, आत्याबाईंना तर नाहीच. — ते आले होते, मागच्या दाराशी. दुपारी. ऊन होतं, बाया सगळ्या पुढे महालक्ष्म्यांना साड्या नेसवत होत्या. मी पापड्या लाटत होते आणि मागून हाक आली, 'ऐकलं का?' माझ्या हातातून लाटणं पडलं. लग्नाला आठ महिने झाले होते मामीजी, आणि दिवसाच्या उजेडात ते माझ्याशी तोवर एक शब्द बोलले नव्हते. तुम्हाला ठाऊकच आहे घर, बायकोशी दिवसा बोलणारा गडी म्हणजे काय ते. मला त्यांचा चेहरासुद्धा नीट ठाऊक नव्हता, डाव्या भुवईत एक जुना व्रण आहे हे मला त्या दिवशी दिसलं. 'लय भूक लागली, एक दे ना वं,' म्हणाले. हसले. मी रीत विसरले नाही, अजिबात विसरले नाही, मला पुरतं कळत होतं मी काय करते आहे. मी सगळ्यांत भरलेली, कडेला छान मुरड पडलेली करंजी निवडून दिली. त्यांनी ती तिथेच उभ्याउभ्या खाल्ली, मिशीला खोबरं लागलं. मी सांगितलं खोबरं लागलंय. बस, एवढंच. एवढ्याला मी — मला वाटलं, आजपासून आमचं बोलणं सुरू झालं. वेडीच मी! दोन वर्षं कॉलेजात गेलेली बाई आणि एका करंजीवर एवढी खूश!

आणि तासाभराने आत्याबाई विचारत होत्या, कोनं खाल्ली, तेव्हा ते दाराला टेकून उभे होते. समोर. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी छताकडे बघितलं. केवढं छत होतं ते, काय सापडलं त्यांना तिथे! मी म्हटलं, मी चाखली. म्हटलं, आत्ता ते बोलतील. आत्ता. जेवणं झाल्यावर बोलतील. रूपला गाडी जुंपत होता तेव्हा म्हटलं, आता बोलतीलच. दिवाळीला पाठवतील चिठ्ठी. संक्रांतीला. हे बघा, मी त्यांना वाईट म्हणत नाहीये, माणूस घाबरतो, मीसुद्धा घाबरते, भांडं पडलं तरी घाबरते. पण मी खोटं बोलले ते त्यांच्यासाठी, आणि ते गप्प बसले ते स्वतःसाठी, यात काही फरक आहे की नाही? म्हणून म्हणते, आत्याबाईंना सांगू नका. त्यांना कळलं, पोराने देवीच्या आधी खाल्लं, तर त्या बाई अंथरूण धरतील. मी म्हणेन की 'चुकलं माझं'. माझी तयारी आहे. त्यांचं नाव नको यायला, एवढंच —

काय?

काय म्हणालात? ठाऊक आहे? कोणाला? — आत्याबाईंना? कधीपासून?

दिवाळी. दिवाळीत सांगितलं त्यांनी. स्वतःच्या आईला. फराळ करताना. मग आत्याबाई काय म्हणाल्या? — 'झालं ते झालं, चारचौघांत गड्यामानसाचं नाव नाही काढायचं.' असं. आणि पंचफुलाबाई? त्याही. मामाजी? — म्हणजे सगळ्यांनाच. तुम्हालाही. तुम्ही आत्ता मघापासून चिवडा खात, मान हलवत, 'सोपं आहे' म्हणत — तुम्हाला ठाऊक होतं! दिवाळीपासून तुम्ही सगळे जाणता की मी खाल्ली नाही, तरी त्या चार बायका बोलावल्या आहेत, मी उंबऱ्यात वाकायला. का? 'घराची अब्रू.' अस्सं. घराची अब्रू एका करंजीएवढी, आणि ती माझ्या पदरात बांधायची. वा! मले वाटे आत्याबाई आंधळ्या हायेत. आंधळ्या नाहीत हो, त्यांचे डोळे तर माझ्याहून धड आहेत!

नाही. रडत नाही मी, धूर आहे. हात सोडा. 'बाईमानसाले वाकावंच लागते' — तुम्ही वाकलात, ठीक आहे, कोणासमोर वाकलात ते तुमचं तुम्हाला ठाऊक. जे खोटं मी आपणहून बोलले ते मी नऊ महिने सांभाळलं, हौसेनं सांभाळलं, कारण मला वाटायचं ते आमच्या दोघांचं आहे. आता ते सगळ्या गावाचं निघालं. असलं खोटं मी पुन्हा बोलणार नाही. तुमच्या भाच्यांनी उंबऱ्यात उभं राहून चार बायकांना सांगावं, करंजी मी खाल्ली म्हणून. मग मी येईन, चालत येईन, गाडी नको. ते जमत नसेल तर वाण न्या, आई देईल हातात, अनरसे तयार होताहेत. तेहेतीसच देईन, एकही कमी नाही. घाबरू नका, चाखलेले नाहीत.

उठा आता, मामीजी. पुढे जाऊन सांगा, बाबांसमोरच सांगा, आवाज चढवून सांगा, मला इथे ऐकू आलं पाहिजे. आणि रूपलाला म्हणावं, पहाटेपासून बांधून ठेवलेली माझी ट्रंक त्याने मघाशी गाडीत चढवली आहे — ती उतरव. आत नको आणू, ओसरीवर ठेव म्हणावं.

जा ना! काय बघत राहिलात? तूप धुरावलं.